चावी कोणाकडे राहणार? एका चर्चमध्ये दोन मंडळ्या, वाचकांचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत. विषय असा की नवीन मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा गट, सुरू होते, स्वतःची इमारत नसते, मग एखादी जुनी मंडळी आपल्या चर्चमध्ये जागा देते, सुरुवातीला दोन्हीकडे आनंदीआनंद असतो आणि काही महिने गेले की कुरबुरी सुरू. पत्रं दोन्ही बाजूंची आहेत आणि गंमत म्हणजे कुठलंही पत्र वाचलं की वाटतं हीच बाजू खरी. लांब पत्रं छोटी केलीत, नावं-गावं काढून टाकलीत.

प्रश्न : ताई, प्रभूमध्ये सलाम. आमची मंडळी नवीन आहे, आधी घरात जमायचो, जागा पुरेना म्हणून एका जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांना विचारलं आणि त्यांनी मोठ्या मनाने रविवारी दुपारी चर्च वापरायला दिलं. पैशांचं काही बोलणं झालं नाही, कागदावर काही लिहिलं नाही, एकमेकांवर विश्वास होता. आता त्या साहेबांची बदली झालीय, नवीन साहेब आलेत आणि कमिटी विचारतेय की तुम्हाला परवानगी दिली कोणी. भाड्याचा विषय पण काढलाय. आम्ही तर त्यांना आपलंच समजत होतो. आमचं कुठे चुकलं?

उत्तर : भाऊ, सलाम. तुम्हाला जागा दिली ती पाळकसाहेबांनी, मंडळीने नाही, गाडी तिथेच रुळावरून उतरलीय. साहेब भले होते, त्यांनी हो म्हटलं, पण बहुतेक मंडळ्यांमध्ये इमारत पाळकाच्या हातात नसतेच, ती असते ट्रस्टींच्या नाहीतर कमिटीच्या नाहीतर वरच्या मंडळाच्या ताब्यात, आणि कधीकधी ट्रस्टच्या कागदातच लिहिलेलं असतं की ही वास्तू कोणी आणि कशासाठी वापरायची. म्हणजे ज्यांनी हो म्हटलं त्यांना हो म्हणायचा अधिकार होता का हेच तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोन पाळकांची मैत्री ही चांगलीच गोष्ट आहे, पण पाळक जातात, मंडळी राहते, आणि मैत्रीच्या भरवशावर चाललेली व्यवस्था साहेबांच्या सामानाबरोबरच ट्रकमध्ये चढते.

पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. तुम्ही लिहिता की आम्ही त्यांना आपलंच समजत होतो. ठीक, पण ते तुम्हाला काय समजत होते? हे कोणी कोणाला विचारतच नाही. एका छपराखाली दोन मंडळ्या असल्या की त्यांचं नातं निदान चार तऱ्हेचं असू शकतं आणि चारही बायबलमध्ये नाहीतर इतिहासात सापडतात, त्यामुळे कुठलंच नातं हलकं नाही.

एक म्हणजे सरळ जागा वापरणारा. इफिसमध्ये प्रेषित पौल आधी यहुद्यांच्या सभास्थानात तीन महिने बोलला, तिथे विरोध झाला तेव्हा शिष्यांना घेऊन बाहेर पडला आणि तुरन्नाच्या पाठशाळेत रोज शिकवायला लागला, आणि हे दोन वर्षं चाललं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९). या तुरन्नाबद्दल तिथे आणखी एक अक्षर नाही, तो विश्वासी होता का, भाडं घेत होता का, काही नाही. जागा मिळाली, वापरली, काम झालं. दुसरं नातं पाहुण्याचं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमायची, रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल त्या मंडळीलाही सलाम पाठवतो, पण घर त्यांचं होतं आणि त्यांचंच राहिलं. तिसरं नातं मुलाचं, म्हणजे जुन्या मंडळीनेच नवीन मंडळी जन्माला घातली. अंत्युखियाच्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं (कृत्ये १३), तिथे पाठवणाऱ्यांनी आपली चांगली माणसं दिली आणि गेलेल्यांनी परत येऊन सगळा हिशोब सांगितला. आणि चौथं नातं बरोबरीच्या हक्कदाराचं. जर्मनीत बाउट्झेनला संत पेत्राचं कॅथेड्रल आहे, १५२४ पासून तिथे कॅथलिक आणि लूथरन दोघांची उपासना होते, वेदीकडचा भाग कॅथलिकांचा, लोकांच्या बसण्याचा मोठा भाग लूथरनांचा, मध्ये कठडा, आणि कोणी केव्हा वापरायचं हे करारात ठरलेलं. हे काही एकमेकांवरच्या प्रेमातून सुरू झालं नव्हतं हो, धर्मसुधारणेच्या धामधुमीत दोघांपैकी कोणीच जागा सोडेना म्हणून झालं, तरी टिकलं, कारण कोणाचं काय ते सगळ्यांना माहीत होतं.

आता तुमच्याकडे बघा. तुम्ही स्वतःला घरचं मूल समजत होता, जुने साहेब तुम्हाला पाहुणे समजत होते, कमिटी भाडेकरू समजतेय, आणि नवीन साहेबांना तर तुम्ही कोण हे कोणी सांगितलेलंच नाही. मग एकच वाक्य प्रत्येकाला वेगळं ऐकू येतं. कमिटी म्हणाली विजेचे पैसे द्या, भाडेकरूला त्यात काही वाटलं नसतं, मुलाला ते घराबाहेर काढल्यासारखं लागतं.

म्हणून भाड्यावर घासाघीस करायच्या आधी नवीन साहेबांना भेटा, एकटे नाही, तुमच्यातले दोन वडील बरोबर घ्या, आणि पहिल्या भेटीत काही मागू नका. आम्ही कोण, इथे कसे आलो, काय काय वापरतो, हे सांगा आणि आजवर दिलेल्या जागेबद्दल मंडळीचे आभार माना, पाळकांचे नाही, मंडळीचे. मग कमिटीला लेखी अर्ज द्या की आमच्या वापराबद्दल मीटिंगमध्ये ठराव व्हावा. ठराव झाला की तो पुढच्या साहेबांनाही लागू, मिनिट्सच्या वहीत नसेल तर उद्या आणखी कोणी येईल आणि हाच प्रश्न परत विचारेल. आणि त्याच मीटिंगमध्ये तोंडाने विचारून घ्या की आम्ही तुमचे कोण. उत्तर "भाडेकरू" असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, पौलाचंही नुसती दुसऱ्याची जागा वापरून दोन वर्षं भागलं.

प्रश्न : मी जुन्या मंडळीतली आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून याच चर्चमध्ये. आता दुपारी दुसरी मंडळी येते. त्यांचे ड्रम पुलपिटच्या बाजूलाच पडलेले असतात, वायरी तशाच, आमची बाकं सरकवलेली, एकदा तर प्रभुभोजनाच्या मेजावर कोणीतरी लॅपटॉप ठेवलेला. बोललं की आमचेच लोक म्हणतात जाऊ द्या हो, तरुण मुलं आहेत. आता आमच्यातली दोन-तीन कुटुंबं पण दुपारी त्यांच्याकडे जायला लागलीत. मला राग येतो आणि मग राग आला म्हणून अपराधी वाटतं. मी संकुचित झालेय का?

उत्तर : नाही ताई. मेजावर लॅपटॉप ठेवला हे चूकच आहे आणि ते चूक म्हणायला मन मोठं-छोटं असण्याचा काही संबंध नाही. ज्या मेजाभोवती तुम्ही आयुष्यभर गुडघे टेकलेत ते मेज दुसऱ्याला स्टँड वाटतं, कारण त्याला कोणी सांगितलेलंच नाही. तुमच्या लोकांचं "जाऊ द्या हो" मला जास्त खटकतं. आज जाऊ द्या, उद्या जाऊ द्या, आणि मग एका मीटिंगमध्ये सगळं एकदम बाहेर पडतं तेव्हा समोरचा गांगरून विचारतो की इतके दिवस बोलला का नाहीत.

तेव्हा बोला, पण ड्रम आवरणाऱ्या पोराला नको, तो त्या दिवशी ड्युटीवर होता इतकंच. दोन्ही मंडळ्यांनी एकेक माणूस नेमायचा, तक्रार त्या दोघांमधूनच जाणार, आणि लगेच, त्याच आठवड्यात. एक अगदी साधा उपाय सांगते, जागा जशी हवी तशी नीट लावा, मोबाइलवर फोटो काढा आणि प्रिंट करून व्हेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीच्या, दारावर चिकटवा, जाताना हॉल या फोटोसारखा दिसला पाहिजे. निम्मे वाद तिथेच संपतात कारण "नीट लावा" म्हणजे काय यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं आणि फोटोवर मत नसतं. कुठल्या वस्तूंना अजिबात हात लावायचा नाही तेही त्याच कागदावर, आणि का ते एका ओळीत. कारण कळलं की लोक जपतात.

पण वस्तूंबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूलाही सांगायला पाहिजे. यरुशलेममध्ये पवित्र कबरेचं चर्च आहे, सहा वेगवेगळे ख्रिस्ती पंथ ते वाटून घेतात, ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, इथिओपियन आणि सीरियन. कोणाचा कोपरा कोणता, कोणी कुठे झाडू मारायचा इथपर्यंत सगळं जुन्या वहिवाटीने ठरलेलं, १८५२ मध्ये ऑटोमन सुलतानाने फर्मान काढून ती वहिवाट आहे तशी गोठवली. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकलेली आहे, ती काढायची तर सगळ्यांची संमती लागणार म्हणून ती तिथेच. मुख्य दाराची चावी तर कितीतरी शतकं मुसलमान कुटुंबांकडे आहे. आणि इतके नियम असूनही २००८ साली तिथे आर्मेनियन आणि ग्रीक साधूंची हाणामारी झाली, पोलिसांना आत यावं लागलं. तेच पंथ पुढे कबरेवरची घुमटी ढासळायला आली तेव्हा एकत्र बसले, पैसे काढले, आणि २०१७ मध्ये तिची दुरुस्ती पूर्ण झाली. मला यातून इतकंच दिसतं की नियम पाहिजेत, पण कुठली शिडी खरंच महत्त्वाची आहे हे अधूनमधून तपासायला पाहिजे. तुमची बाकं सरकवली तर सरकवू द्या, परत जागेवर आली म्हणजे झालं. मेज मात्र सोडू नका.

आता कुटुंबांचं. हा तुमच्या पत्रातला खरा दुखरा भाग आहे, तुम्ही तो शेवटी लिहिलात तरी. मेंढरं चोरली असं सगळे म्हणतात. नवीन मंडळीच्या पाळकाने इथे अगदी काटेकोर राहायला पाहिजे, यजमान मंडळीतलं कोणी आलं तर त्याला आधी विचारायचं की तुमच्या पाळकांशी बोललात का, नसाल बोलला तर आधी तिकडे जा. लगेच त्यांना संडेस्कूलची टीचर आणि कॉयरची लीडर करून टाकायचं नाही. पौलाने लिहिलंय की दुसऱ्याने घातलेल्या पायावर मी बांधत नाही (रोम. १५), आणि तो तर कुठे कुठे फिरत होता, तुम्ही तर त्याच इमारतीत आहात. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने आपल्या लोकांना बजावलं होतं की पॅरिश चर्चच्या, म्हणजे गावातल्या अधिकृत चर्चच्या, उपासनेच्या वेळेत आपल्या सभा ठेवू नका, सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी ठेवा. तो असेपर्यंत हे बऱ्यापैकी पाळलं गेलं, त्याच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सने अटी घालून ढील दिली आणि वेगळेपण आणखी वाढत गेलं. वेळ वेगळी ठेवली की निदान कोणाला निवड करायची वेळ येत नाही.

पण ताई, जी कुटुंबं गेली ती का गेली हे कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन, न रागावता, विचारलंय का? कधीकधी ते आधीच अर्धे गेलेले असतात, इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि आता बाजूला दुसरी मंडळी आहे म्हणून दिसलं.

प्रश्न : आमच्या कमिटीत दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात देवाचं घर आहे, देवाच्या कामाला पैसे कसले. अर्धे म्हणतात वीज, पाणी, सफाई, दुरुस्ती कोण भरणार. भाडं घ्यावं की नाही?

उत्तर : घ्या. नाव भाडं ठेवू नका हवं तर, खर्चातला वाटा म्हणा, पण घ्या, आणि आकडा खऱ्या बिलांवरून काढा. फुकट दिलेल्या जागेत दोन अडचणी होतात, देणारा मनात हिशोब ठेवत राहतो आणि घेणारा कधी मोकळेपणाने काही मागू शकत नाही, पंखा बिघडला तरी गप्प.

आणि पाहुणचाराला मर्यादा घालणं हे काही आजच्या व्यवहारी जगाचं फॅड नाही. डिडाके नावाची फार जुनी ख्रिस्ती पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची धरतात, त्यात फिरत्या प्रेषिताबद्दल स्पष्ट लिहिलंय की आला तर प्रभूसारखा मान द्या, एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, पण तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. आणि जाताना पैसे मागितले तरी खोटा! कोणाला कायमचं राहायचं असेल तर त्याने काम करावं आणि खावं. म्हणजे ज्या काळात मंडळ्या घरांमध्येच जमायच्या त्या काळातसुद्धा लोकांना हा प्रश्न पडला होता.

नवीन मंडळीच्या भल्याचंही बघा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे हेन्री व्हेन आणि अमेरिकेचे रूफस अँडरसन, दोघंही मिशन सोसायट्यांचे सेक्रेटरी, दोघांनी जवळपास एकच गोष्ट मांडली की मंडळी स्वतःच्या खर्चावर, स्वतःच्या कारभारावर आणि स्वतःच्या प्रचारावर उभी राहिली पाहिजे. पहिल्या वर्षी थोडा वाटा, दुसऱ्या वर्षी जास्त, तिसऱ्या वर्षी पूर्ण, असं ठरवून टाका. फक्त एक करू नका, जुन्या मंडळीच्या बजेटमधला खड्डा बुजवायला नवीन मंडळी आणू नका. तसं केलंत की उद्या ते जायला निघाले तर तुम्ही त्यांना जाऊ देणार नाही.

प्रश्न : आमची दुपारची उपासना ठरलेल्या वेळेत कधीच संपत नाही, पवित्र आत्मा काम करत असतो, मध्येच कसं थांबवणार? पण नंतर जुन्या मंडळीचा युवक संघ असतो, ते दारात उभे राहतात आणि तोंडं वाकडी करतात.

उत्तर : त्रोवसला पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं, तुम्हाला ते जमणार असेल तर बोला हवं तितकं.

नाहीतर दोन उपासनांमध्ये निदान पाऊण तास मोकळा ठेवा, त्यात आवरणं, पार्किंग, लेकराबाळांना गोळा करणं सगळं धरून. प्रार्थना लांबली तर ज्यांना थांबायचंय त्यांनी बाजूच्या खोलीत जावं, मेन हॉल वेळेवर सोडावा. दारात उभ्या असलेल्या मुलांकडेही आत्मा आहे हो.

प्रश्न : आमची मंडळी लहान बाळांना बाप्तिस्मा देते. जी नवीन मंडळी आमच्या जागेत येते ती फक्त मोठ्यांना, तोही पाण्यात बुडवून. त्यांच्या पाळकांनी संदेशात म्हणे असं सांगितलं की बाळाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही. आमच्याच पुलपिटवरून! त्यांना बाहेर काढावं असा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा सूर आहे.

उत्तर : आधी "म्हणे" काढून टाका. ज्याने ऐकलं त्याच्याकडून कळलं, आणि त्याला आणखी कोणी सांगितलं, अशा बातमीवर मीटिंग बोलवू नका. त्यांच्या पाळकांना फोन करा आणि सरळ विचारा की असं म्हणालात का आणि नेमकं काय म्हणालात.

म्हणाले असतील तर मग दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. त्यांचा विश्वास तो आहे आणि तो त्यांनी आपल्या लोकांना शिकवावा, तुम्ही जागा दिली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. पण आपलं मत शिकवणं वेगळं आणि यजमानाचं नाव घेऊन नाहीतर रोख तिकडे ठेवून बोलणं वेगळं. दुसरं चालणार नाही, हे स्पष्ट सांगा, लेखी सांगा. त्यांनीही हे मान्य करायला हरकत नसावी, कोणाच्या घरात बसून घरच्यांच्या लग्नाला खोटं म्हणू नये इतकं तर कळतं ना.

खरं तर जागा देण्याआधी दोन्ही पाळकांनी एकदा बसून विश्वासाची पत्रकं एकमेकांना वाचून दाखवायला पाहिजेत. बाप्तिस्मा, प्रभुभोजन कोणाला देता, स्त्रिया संदेश देतात का, अन्य भाषांमध्ये बोलणं, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, पैशांबद्दल काय शिकवता, या पाच-सहा ठिकाणी फरक निघतोच. फरक असला म्हणून जागा देऊ नये असं मी म्हणत नाही, ज्या फरकावर तुम्ही गप्प बसू शकता तो कोणता आणि ज्यावर बसू शकत नाही तो कोणता, हे आधी कळलेलं बरं. "समृद्धीची शिकवण" देणाऱ्या मंडळीला जागा द्यायला माझा स्वतःचा तरी विरोध राहील, गरीब माणसाकडून दान काढून त्याला गाडीचं आश्वासन देणं माझ्या चर्चच्या छपराखाली नको. कोणाला हे कडक वाटेल, वाटू दे.

प्रश्न : करार करायचा ठरलाय. वकिलाने नमुना दिलाय पण तो दुकानाच्या गाळ्याचा आहे. चर्चच्या बाबतीत काय काय लिहायचं?

उत्तर : गाळ्याचा नमुना फाडून टाकू नका, त्यातलं मुदत, नुकसानभरपाई, नोटीस हे तुम्हालाही लागणार आहे. आणि करार लिहिणं म्हणजे अविश्वास असं कोणी म्हणालं तर सांगा की ब्रिटनमध्ये यासाठी खास कायदा आहे, चर्चच्या इमारतींचा सामायिक वापर करण्याबद्दलचा १९६९ चा, म्हणजे वेगवेगळ्या पंथांनी एक इमारत वापरायची तर करार कसा करायचा हे संसदेने ठरवून दिलं. तुमच्या देशाचा, तुमच्या पंथाचा जो नियम असेल तो वकिलाकडून आणि वरच्या ऑफिसकडून बघून घ्या.

चर्चचं म्हणून जे वेगळं लिहायचं त्यात सगळ्यात आधी सणांचे दिवस. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि एकतीस डिसेंबरची रात्र, या दिवशी दोघांनाही हॉल हवा असतो आणि दोघांनाही तीच वेळ हवी असते, करार ऑगस्टमध्ये होतो तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नाही. मग लग्नं आणि अंत्यविधी, जुन्या मंडळीत कोणी वारलं आणि विधी रविवारी दुपारीच आला तर काय? माझ्या मते अंत्यविधीला पहिला मान द्यावा, कोणत्याही मंडळीतला असो, आणि दुसऱ्या मंडळीने त्या दिवशी उपासना हलवावी. मग साउंड सिस्टिम, मिक्सर कोण हाताळणार आणि बिघडला तर कोण भरणार, वाद्यं कुठे ठेवायची, कपाट कोणाचं. दानपेटी वेगळी हवी, यावर चर्चासुद्धा नको. चाव्या किती, कोणाकडे, नक्कल करायची की नाही, आणि रात्री शेवटी कुलूप लावणाऱ्याचं नाव. इमारतीचा विमा असेल तर दुसऱ्या मंडळीचे कार्यक्रम त्यात बसतात का हे विमा कंपनीला विचारा, बऱ्याचदा बसत नाहीत.

लहान मुलांचं मात्र स्वतंत्र पान करा. मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच असणार नाही, दोन असणार, संडेस्कूलच्या टीचरची चौकशी करूनच नेमणूक, मुलाला कोण घ्यायला येणार हे लिहिलेलं, आणि दोन मंडळ्यांचे नियम वेगळे असतील तर ज्याचा जास्त कडक तो दोघांना लागू. यात तडजोड करू नका, कोणी कितीही भला माणूस असला तरी.

आणि मुदत. मुदत नसलेला करार करू नका. एक वर्ष, मग बसून बोलणं, मग पुढचं वर्ष. सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी तीन-चार महिन्यांची नोटीस, कारण उपासनेची नवीन जागा एका महिन्यात मिळत नाही. करारावर सही करणारा तो असावा ज्याला सही करायचा अधिकार आहे, हे वरच्या पहिल्या पत्रात वाचलंतच.

प्रश्न : आमची जुनी मंडळी आता अगदी लहान राहिलीय, बहुतेक सगळे वयस्कर. नवीन मंडळी भरभरून वाढतेय. त्यांचे पाळक म्हणतात एकत्र होऊया. आम्हाला भीती वाटते की एकत्र म्हणजे आम्ही संपणार. आणि दुसरीकडे वाटतं की नाही झालो तरी संपणारच. काय करावं?

उत्तर : या पत्राला पटकन उत्तर देणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकू नका.

एकत्र होण्याआधी दीड-दोन वर्षं शेजारी म्हणून नीट राहून बघा. तिमाहीला एकदा एकत्र उपासना, त्यात अर्धी जुनी गीतं आणि अर्धी नवीन असं नको, ते दोन्हीकडच्यांना अर्धवट वाटतं. एकदा पूर्ण तुमच्या पद्धतीने, एकदा पूर्ण त्यांच्या. आजारी माणसांच्या भेटी जोडीने करा, तुमच्यातला एक आणि त्यांच्यातला एक. त्यांच्या तरुण पाळकाला तुमच्या म्हाताऱ्या लोकांची नावं माहीत आहेत का ते बघा. पाहिजे तर परीक्षाच समजा, जो माणूस तुमच्या वीस जणांना नावाने ओळखत नाही तो एकत्र झाल्यावरही ओळखणार नाही.

बोलणी सुरू झाली तर कृत्यांचा सहावा अध्याय दोघांनी बसून वाचा. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी काय केलं तर लोकांना सात माणसं निवडायला सांगितली, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची वाटावीत अशी माणसं वाटपावर बसवली. तुमच्याकडे उलट होतं, मोठी मंडळी छोटीला म्हणते कमिटीत तुमची एक जागा ठेवतो. एक जागा म्हणजे काही नाही. पहिली काही वर्षं निम्म्या जागा मागा, संख्येच्या हिशोबाने तुमचा तो हक्क होत नाही हे मला माहीत आहे, तरी मागा, आणि ते काय म्हणतात ते ऐका. मालमत्तेचं काय होणार, दफनभूमी असेल तर तिचं काय, जुनी बाप्तिस्म्याची आणि लग्नाची रजिस्टरं कोणाकडे राहणार, हे सगळं एकत्र होण्याच्या आधी, नंतर नाही.

आणि नाही व्हायचं ठरलं तरी पाप नाही. इसहाकाच्या नोकरांनी खणलेल्या दोन विहिरींवर भांडण झालं तेव्हा तो पुढे सरकला आणि तिसरी खणली, तिच्यावर कोणी भांडलं नाही (उत्पत्ती २६). काही मंडळ्या आपली इमारत नवीन मंडळीच्या नावावर करून, लेखी, अटींसह, आपला कारभार बंद करतात आणि सकाळची उपासना मात्र जुन्या पद्धतीनेच चालू ठेवायची अट घालतात. हाही एक मार्ग आहे. पण तो तुम्ही ठरवायचा, त्यांच्या पाळकांनी नाही, आणि मीही नाही.

प्रश्न : दुसऱ्या मंडळीचा बोर्ड गेटवर लावू द्यायचा का? आमचा बोर्ड दगडात कोरलेला आहे, त्यांचा फ्लेक्स आहे.

उत्तर : लावू द्या, नाहीतर त्यांचे नवीन लोक तुमच्या उपासनेत येऊन बसतील आणि चुकीच्या पाळकाशी हात मिळवून जातील. साइज ठरवून द्या, पाळकांचा मोठा फोटो नको म्हणा, आणि उपासनेची वेळ ठळक लिहायला सांगा.